आभाळातला निस्तार

आमच्या वरठी गावाला रेल्वे स्टेशन आहे. पण स्टेशनाच्या पाटीवर वरठीचे नाव नाही. मुंबई-हावडा मार्गावरच्या या स्टेशनाला ‘भंडारा रोड’ म्हणतात. भंडारा शहर तिथून दहा-बारा किलोमीटर दूर. लहानपणी बाबांचा हात धरून मी या फलाटावर पुष्कळदा उभी राहिले आहे. मालगाडी थांबली, की शेवटच्या डब्याजवळ उभा असलेला गार्ड हातातल्या काळ्या डबीत काहीतरी बोलायचा आणि अर्धा किलोमीटर पुढे इंजिनात बसलेला ड्रायव्हर त्याला उत्तर द्यायचा. एकदा मी बाबांना विचारले, “तार तं नाही, मंग आवाज जाते कुठून?” बाबा म्हणाले, “हवेतून जाते.” मी पुन्हा विचारले, “मंग हवेतून कोणालेही बोलता येते का?” बाबा चौथी शिकलेले. ते काही बोलले नाहीत. गाडी आली आणि विषय तिथेच राहिला.

त्या प्रश्नाचे उत्तर शोधायची पाळी माझ्यावर पुढे कशी आली, ते या लेखात सांगायचे आहे. मी विज्ञान शाखेची विद्यार्थिनी नाही. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी पहिलीच. तेव्हा विज्ञानाच्या प्राध्यापकांना यात काही उणे आढळले, तर त्यांनी ते मला जरूर दाखवून द्यावे.

२०२० च्या ऑगस्टच्या अखेरीस वैनगंगेला आलेला पूर आपल्यापैकी कोणीच विसरलेले नसेल. वर मध्य प्रदेशात अतोनात पाऊस झाला, संजय सरोवराचे पाणी सुटले आणि भंडाऱ्यात व नदीकाठच्या गावांत पाणी शिरले. माझ्या मामाजींचे गाव नदीकाठी आहे. त्यांच्याकडची वीज गेली, मग फोन बंद पडले. दोन दिवस आम्हांला त्यांचा ठावठिकाणा कळला नाही. माय चुलीपुढे बसून नुसती फोनकडे पाहत होती. तिसऱ्या दिवशी मामाजी स्वतःच आले आणि म्हणाले, “पाणी आलं तं आलं, पण आमी जिते आहो हे कोनाले सांगता येत नव्हतं.” हे वाक्य माझ्या मनात घर करून राहिले.

दोन वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतल्या गणेश मंडळाच्या मुलांनी वर्गणीतून दोन वॉकीटॉकी मागवले. विसर्जनाच्या मिरवणुकीत पुढच्या टोकाचे मागच्या टोकाला कळावे आणि पावसाळ्यात कधी गरज पडली तर नदीकाठच्या गावाशी बोलता यावे, असा सरळ हेतू होता. किंमत परवडणारी होती. संच घरपोच आले. कोणी काही विचारले नाही, कोणता कागद मागितला नाही. सोबतची पुस्तिका बारीक इंग्रजीत होती. माझा भाऊ म्हणाला, “तू कालेजात जातेस नं, वाच मंग हे.” मी जमेल तेवढे वाचले, उरलेले मोबाइलवरच्या चित्रफितीत पाहिले आणि १४५ च्या आसपासचा एक आकडा दोन्ही संचांवर बसवला. तो आकडा का बसवला, याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. चित्रफितीत तोच दाखवला होता एवढेच.

तीन-चार संध्याकाळी आमची खूप मजा झाली. मुले गाणी म्हणत, एकमेकांची नक्कल करत. आणि एके दिवशी आमच्या आवाजांच्या मधूनच एक अनोळखी, पोक्त आवाज आला. त्याने आधी ‘व्हीयू’ने सुरू होणारी काही अक्षरे आणि आकडे म्हटले, मग आमचे ‘संकेतनाम’ विचारले. संच माझ्या हातात होता. मी बटण दाबून विचारले, “तुम्ही कोण?” तो आवाज शांतपणे मराठीत म्हणाला, “बाळ, मी हायवेने रायपूरकडे चाललो आहे. ही जागा परवाना असलेल्या हौशी लोकांची आहे. परवाना नसलेल्यांशी मला यापेक्षा जास्त बोलताही येत नाही. संच बंद ठेवा, आणि खरेच आवड असेल तर परीक्षा द्या.” एवढे बोलून त्याने पुन्हा ती अक्षरे म्हटली आणि आवाज थांबला.

मला रागही आला आणि लाजही वाटली. राग अशासाठी, की हवा काय कोणाच्या बापाची आहे? आणि लाज अशासाठी, की घरात शिकलेली म्हणून ज्या कागदावर माझी सही चालते, तीच मी न समजता बटण दाबून बसले होते. त्या रात्रीपासून मी या विषयाच्या मागे लागले.

प्रथम हवेतल्या या जागेचा अर्थ समजून घेऊ. आपण बोलतो तेव्हा हवा कंप पावते. बिनतारी संदेश मात्र हवेच्या कंपनाने जात नाही. तो विद्युतचुंबकीय लहरींनी जातो. बाबांचे ‘हवेतून जाते’ हे उत्तर व्यवहारापुरते खरे असले, तरी या लहरींना हवेचीही गरज नसते. एका सेकंदात लहर किती वेळा कंप पावते, त्याला कंप्रता म्हणतात. दर सेकंदाला दहा लाख कंपने म्हणजे एक मेगॅहर्ट्झ. आमच्या संचावरचा १४५ हा आकडा म्हणजे सेकंदाला साडेचौदा कोटी कंपने. अशा एका लहरीची लांबी सुमारे दोन मीटर भरते.

प्रत्येक कंप्रतेचा स्वभाव वेगळा असतो. सात मेगॅहर्ट्झच्या आसपासच्या लहरी वातावरणाच्या वरच्या थरांवरून परततात आणि शेकडो, कधी हजारो किलोमीटरवर उतरतात. १४५ च्या लहरी बहुधा नजरेच्या टप्प्यात सरळ जातात, म्हणून उंच जागी असलेल्याचा आवाज लांब पोहोचतो. आणि एकाच ठिकाणी, एकाच वेळी, एकाच कंप्रतेवर दोघे बोलू लागले, तर दोघांचेही बोलणे बिघडते, किंवा जो जोरदार असेल तो दुसऱ्याला पार झाकून टाकतो. झाकले गेलेल्याला पुष्कळदा ते कळतही नाही. म्हणजे आमची मुले गाणी म्हणत होती त्या वेळी कोणाचा महत्त्वाचा निरोप आमच्या आवाजाखाली दबला असेल, तर तो आम्हांला कधीच समजला नसता. हे वाचले तेव्हा माझा राग बराच उतरला.

तेव्हा हवेतली जागा वाटून द्यावीच लागते. वाटायची कशी, हा खरा प्रश्न आहे. आणि तो आपल्या जिल्ह्याला नवा नाही, असे मला वाटते.

भंडारा हा तलावांचा जिल्हा. कोहळी समाजाने आणि जुन्या मालगुजारांनी बांधलेले तलाव आपण ‘मामा तलाव’ म्हणून ओळखतो. एकाच तलावावर किती जणांचा हक्क असतो, पाहा. धानाच्या बांधीला पाणी लागते, ते पाळीपाळीने सोडतात. मासेमारी ढिवर बांधवांची सहकारी संस्था ठेका घेऊन करते. त्या तलावात बाहेरच्याने येऊन जाळे टाकलेले चालत नाही. पण गावच्या गुराने पाणी प्यावे, बाईने धुणे धुवावे, कोणी घर सारवायला गाळाची माती न्यावी, यासाठी कोणी ठेका मागत नाही. हा गावाचा निस्तार. जुन्या मध्य प्रांतात हे हक्क कागदावरसुद्धा लिहून ठेवलेले असत. ठेका आणि निस्तार दोन्ही एकाच पाण्यावर नांदतात, कारण कोणी किती घ्यायचे आणि कशाने घ्यायचे याची मर्यादा ठरलेली असते. घागरीने पाणी नेणाऱ्याला कोणी अडवत नाही. तोच मोटारपंप घेऊन आला तर अख्खे गाव गोळा होते.

हवेतही नेमकी हीच व्यवस्था आहे. पोलीस, रेल्वे, विमाने, मोबाइल कंपन्या यांना आपापल्या कंप्रता नेमून दिलेल्या आहेत. त्यांशिवाय दोन प्रकारच्या सामान्य माणसांसाठी थोडी थोडी जागा ठेवलेली आहे. पहिला प्रकार परवानाधारक हौशी बिनतारीवाल्यांचा. त्यांना जगभर ‘हॅम’ म्हणतात. दुसरा प्रकार तुमच्या-माझ्यासारख्यांचा, ज्यांच्याजवळ परवाना नाही आणि ज्यांना तो नकोही आहे.

हॅम मंडळींची हकीकत मोठी रंजक आहे. बिनतारीच्या आरंभी लांब लहरी तेवढ्या कामाच्या समजल्या जात. १९१२ च्या कायद्याने अमेरिकेने हौशी लोकांना २०० मीटर व त्याहून आखूड लहरींवर ढकलले. त्या कोणाच्या कामाच्या नाहीत, तेव्हा बसू द्या यांना तिथे, असा हिशेब होता. पडीक जमीन देऊन वाटेला लावावे तसाच तो प्रकार. पण १९२३ च्या नोव्हेंबरात फ्रान्समधल्या देलॉय नावाच्या हौशी माणसाने सुमारे ११० मीटरच्या लहरीवर अमेरिकेतल्या श्नेल आणि राइनार्ट्झ या हौशी लोकांशी अटलांटिक महासागरापलीकडे दुतर्फा संभाषण केले. पडीक जमिनीत पीक आले! मग सरकारे आणि कंपन्या त्या आखूड लहरींकडे धावल्या आणि हौशी लोकांना ठरावीक पट्ट्यांत बसावे लागले. कसणाऱ्याने जमीन वाहितीखाली आणावी आणि मग तिच्यावर सगळ्यांची नजर जावी, ही गोष्ट शेतकऱ्यांच्या मुलांना समजावून सांगायला नको.

आपल्या देशात १९२१ मध्ये कलकत्त्याचे अमरेंद्रचंद्र गुप्तू यांनी हौशी बिनतारीचा पाया घातला. स्वातंत्र्यानंतर १९७८ मध्ये या हौशी सेवेचे वेगळे नियम झाले, पुढे त्यांत बदल होत गेले. परवान्यासाठी परीक्षा असते. तीत बिनतारीचे शास्त्र आणि नियम असे दोन भाग असतात. वरच्या श्रेणीसाठी मोर्सचे कड-कट्टही यावे लागत आले आहे. वयाची अट बारा वर्षांची. उत्तीर्ण होणाऱ्याला ‘व्हीयू’ने सुरू होणारे स्वतःचे संकेतनाम मिळते. मात्र त्या नावाबरोबर बंधनेही येतात. धंद्याची बोलणी करायची नाहीत, गाणी वाजवायची नाहीत, गुप्त भाषेत बोलायचे नाही, आपले संकेतनाम सांगितल्याशिवाय बोलायचे नाही, आणि इतर परवानाधारक हौशी केंद्रांशीच बोलायचे. हायवेवरच्या त्या गृहस्थांचे ‘जास्त बोलता येत नाही’ हे शब्द मला त्या वेळी शिष्टपणाचे वाटले होते. ते नियमाला धरून होते, हे नंतर कळले. आणि आम्ही बसवलेला १४५ चा आकडा हौशी सेवेच्या १४४ ते १४६ मेगॅहर्ट्झ या पट्ट्यात अगदी मधोमध होता.

एवढी बंधने घालून सरकार त्या मोबदल्यात हॅमला काय देते? दोन गोष्टी देते. एक म्हणजे त्याला स्वतःचे यंत्र स्वतः बांधता येते, आणि दुसरी, बरीच शक्ती वापरून तो लांबवर बोलू शकतो. याचे कारण सरळ आहे. परीक्षेत माणूस तपासून घेतलेला असतो, म्हणून त्याच्या यंत्रावर विश्वास टाकता येतो. २००४ च्या डिसेंबरात त्सुनामी आली त्या वेळी भारती प्रसाद या हॅम भगिनी योगायोगाने आपल्या चमूसह पोर्ट ब्लेअरला होत्या. नेहमीची दळणवळणाची साधने कोलमडली असताना त्यांच्या केंद्रावरून अंदमानातल्या लोकांची खुशाली मुख्य भूमीवरच्या नातेवाइकांपर्यंत पोहोचली. ‘आमी जिते आहो’ एवढाच तो निरोप. तो पोहोचला, कारण त्या वेळी त्या कंप्रतेवर कोणी गाणी म्हणत नव्हते.

आता दुसरा पक्ष पाहू. ज्याला बिनतारीचे शास्त्र शिकायचे नाही, फक्त शेतातून घरी बोलायचे आहे, त्याने काय करावे? अमेरिकेत हा प्रश्न फार पूर्वी आला. तिथे २७ मेगॅहर्ट्झजवळचा, म्हणजे अकरा मीटर लहरीचा एक पट्टा हौशी लोकांकडे होता. १९५८ मध्ये तो त्यांच्याकडून काढून सामान्य नागरिकांना दिला आणि त्याला ‘सिटिझन्स बँड’ असे नाव मिळाले. हॅम मंडळी फार नाराज झाली. पुढे १९७३ मध्ये तेलटंचाई आली, रस्त्यांवर वेगाची मर्यादा लागली आणि ट्रकचालक एकमेकांना पेट्रोल कुठे मिळते, पोलीस कुठे उभे आहेत, हे त्या पट्ट्यावरून सांगू लागले. बघता बघता लाखो लोक त्यावर आले. १९७७ पासून मार्गांची संख्या २३ वरून ४० करावी लागली. परवाना नावालाच उरला आणि १९८३ मध्ये तोही रद्द झाला. हॅम म्हणत, आमची बाग दिली आणि तिचा बाजार केला. लोक म्हणत, बाजारही माणसांनाच लागतो. दोघांचेही म्हणणे मला समजते.

भारतात ही गोष्ट उशिरा घडली. १९३३ च्या बिनतारीच्या कायद्यानुसार असे यंत्र परवान्याशिवाय नुसते जवळ बाळगणे हासुद्धा गुन्हा होता. फार काय, साधा रेडिओ ऐकायलाही परवाना लागे. माझ्या आजोबांच्या पेटीत टपाल कार्यालयाचे शिक्के असलेली रेडिओच्या परवान्याची जीर्ण वही अजून आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यात ती सक्ती संपली. मग २००५ मध्ये केंद्र सरकारने काही कंप्रता परवान्यातून मुक्त केल्या. २६.९५७ ते २७.२८३ मेगॅहर्ट्झचा नागरिकांचा पट्टा त्यांत आला, आणि २४०० ते २४८३.५ मेगॅहर्ट्झचा पट्टाही आला. हा दुसरा पट्टा आपण रोज वापरतो. महाविद्यालयातले वायफाय आणि कानातले बिनतारी यंत्र याच पट्ट्यात चालते. जगात अनेक ठिकाणी मायक्रोवेव्ह भट्टीसारख्या यंत्रांसाठी सोडलेली ही जागा होती. १९८५ मध्ये अमेरिकेने ती संदेशवहनासाठी परवान्याविना खुली केली आणि त्यातून केवढा संसार उभा राहिला ते आपण पाहतोच. पुढे २०१८ मध्ये आपल्याकडे कमी शक्तीच्या, कमी पल्ल्याच्या यंत्रांचे नियम आले आणि ४४६.० ते ४४६.२ मेगॅहर्ट्झ या छोट्या पट्ट्यात वॉकीटॉकी परवान्याशिवाय वापरता येऊ लागले.

म्हणजे आभाळातही निस्तार आहे. पण त्याची अट अशी, की यंत्राची शक्ती थोडी असावी, त्याची कंप्रता ठरलेली असावी, आणि ते यंत्र सरकारच्या मान्यतेचे असावे. नागरिकांच्या पट्ट्याला तर ५ वॅटची मर्यादा आहे आणि आकाशकांडी यंत्रातच बसवलेली हवी. इथे मला या साऱ्या विषयाची किल्ली सापडली. हॅमच्या बाबतीत सरकार माणूस तपासते आणि यंत्र त्याच्यावर सोडते. परवानामुक्त पट्ट्यात यंत्र तपासते आणि माणूस मोकळा सोडते. दोन्ही व्यवस्था आपापल्या जागी योग्य आहेत.

आमच्या मंडळाने घेतलेला संच मात्र या दोहोंत कुठेच बसत नव्हता. असले संच १३६ ते १७४ आणि ४०० च्या पुढच्या मोठ्या पट्ट्यात वाटेल त्या आकड्यावर बसवता येतात. जाणकार हॅमच्या हातात ते उत्तम हत्यार. पण आमच्यापैकी कोणाची परीक्षा झाली नव्हती, आणि यंत्र तर कुठेही बोलू शकणारे होते. घागर म्हणून विकत घेतला आणि निघाला मोटारपंप! रेल्वेचा गार्ड, पोलीस, हॅम, कोणाच्याही बोलण्यात आमचे गाणे घुसू शकले असते. दोष कोणाचा? न वाचता बटण दाबणाऱ्या आमचा आहेच. पण विकताना एका ओळीतही न सांगणाऱ्याचा नाही काय? २०२५ च्या मे महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या वॉकीटॉकींबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. कोणती कंप्रता, परवाना लागतो की नाही, यंत्राला मान्यता आहे की नाही, हे ग्राहकाला कळले पाहिजे असा त्यांचा रोख आहे. आमच्यासाठी त्या उशिरा आल्या, पण आल्या हे बरे झाले.

इथे कोणी विचारील, की परवान्याचे एवढे कौतुक कशाला? परवाना देणारे सरकारच अन्यायी असेल तर? हा प्रश्न माझ्याही मनात आला, आणि त्याचे उत्तर आपल्याच राज्यात, मुंबईत, १९४२ मध्ये सापडते. दुसरे महायुद्ध सुरू होताच इंग्रज सरकारने हौशी लोकांचे परवाने बंद करून यंत्रे जमा करायला लावली होती. ‘चले जाव’ची हाक उठली, नेते तुरुंगात गेले, वर्तमानपत्रांचे तोंड बांधले गेले. अशा वेळी बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुप्त ‘काँग्रेस रेडिओ’ चालवला. त्याचे प्रेषक यंत्र उभारण्यात नरिमन प्रिंटर या हौशी बिनतारी तज्ज्ञाचा हात होता. पोलिसांना सुगावा लागू नये म्हणून केंद्र सारखे जागा बदलत असे. ऑगस्टमध्ये सुरू झालेला तो आवाज १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांनी छापा घालून बंद केला. उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली.

ते केंद्र ४२.३४ मीटरवर बोलत असे. मी हिशेब करून पाहिला. ही कंप्रता सुमारे ७.०८ मेगॅहर्ट्झ भरते. आज आपल्या देशात ७.० ते ७.२ मेगॅहर्ट्झ हा पट्टा हौशी परवानाधारकांचा आहे. ज्या जागेवरून बोलल्याबद्दल एका तरुणीला तुरुंगात जावे लागले, त्या जागेवरून आज बारा वर्षांचे पोरही परीक्षा देऊन उघडपणे बोलू शकते. स्वातंत्र्याचा एक अर्थ मला इथे दिसला. त्यांच्यापुढे परवान्याचा मार्गच उरला नव्हता. आमच्यापुढे होता, आम्ही तो शोधला नाही. म्हणून त्यांचे विनापरवाना बोलणे आणि आमचे विनापरवाना गाणे एका तराजूत घालता येणार नाही.

स्वतंत्र भारतात हवा कोणाची, याचेही उत्तर मिळाले आहे. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणाच्या खटल्यात निकाल दिला. न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या निकालपत्राचा आशय असा, की या लहरी सार्वजनिक मालमत्ता आहेत. त्या मर्यादित आहेत, म्हणून लोकांच्या हितासाठी त्यांचे नियमन सार्वजनिक संस्थेने करावे. ‘हवा काय कोणाच्या बापाची आहे?’ या माझ्या रागाच्या प्रश्नाला न्यायालयाने जणू सांगितले, की ती तुझ्याही बापाची आहे, आणि म्हणूनच तुला ती नासवता येणार नाही.

आता माझे मत. काही लोक म्हणतात, की हॅमची संख्या किती थोडी! एवढे पट्टे त्यांना कशाला? ते लोकांना देऊन टाकावेत. मला हे पटत नाही. जी जागा शिकायला, प्रयोग करायला आणि संकटात उभे राहायला राखली आहे, तिची किंमत रोजच्या गर्दीवरून ठरवू नये. वाचनालयात गर्दी नसते, म्हणून तिथे कोणी दुकान काढत नाही. पण हॅम मंडळींपैकी कोणी सामान्य माणसाला अडाणी ठरवून हवेबाहेर ठेवू पाहील, तर तेही मला पटणार नाही. माझे मामाजी परीक्षा देणार नाहीत. त्यांना पुराच्या रात्री दोन शब्द बोलायचे आहेत. त्यांच्यासाठी निस्ताराची जागा हवी, ती पुरेशी हवी आणि ती कुठे आहे हे गावोगावी सांगितलेले हवे. ४४६ चा छोटा पट्टा आहे, पण आमच्या मंडळातल्या एकालाही तो माहीत नव्हता. जो हक्क माहीत नाही, तो असून नसल्यासारखा.

शिवाय त्या छोट्या यंत्राचा पल्ला थोडा. गल्लीपासून मिरवणुकीच्या टोकापर्यंत तो पुरेल. वरठीहून नदीकाठच्या गावापर्यंत पोहोचायला शिकलेला माणूस आणि उंच आकाशकांडीच लागेल. म्हणजे संकटात ठेका आणि निस्तार एकमेकांना पूरकच आहेत. गावातल्या गावात लोकांनी परवानामुक्त संचावर बोलावे, आणि गावाबाहेरचा निरोप एखाद्या हॅमने न्यावा. प्रत्येक मोठ्या गावात असा एक तरी हॅम असेल, तर माझ्या मायसारख्या कितीतरी जणी दोन दिवस फोनकडे पाहत बसणार नाहीत.

अडचण एवढीच, की त्या परीक्षेची वाट आमच्यासारख्यांना दिसत नाही. मला जी पुस्तके मिळाली ती सारी इंग्रजीत. ‘ओहम’चा नियम मी दहावीत मराठीतून शिकले होते, तोच इंग्रजीत वाचताना नवा वाटला. आपल्या भाषेत एक छोटे पुस्तक झाले, तर कला शाखेचा विद्यार्थीही ही परीक्षा देऊ शकेल, असे माझे प्रामाणिक मत आहे. नियमांप्रमाणे शैक्षणिक संस्थांच्या मंडळालाही परवाना मिळू शकतो. आपल्या महाविद्यालयात एन.एस.एस. आहे, एन.सी.सी. आहे, एक हौशी बिनतारी मंडळ का असू नये? प्राचार्य महोदय आणि भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांनी याचा विचार करावा, अशी मी या अंकातून नम्र विनंती करते.

आमचे ते दोन संच आजोबांच्या रेडिओच्या वहीशेजारी पेटीत कापडात बांधून ठेवले आहेत. भाऊ पहिल्यांदा चिडला. “पैसे दिले नं आपन? आपल्याले का कराचं आहे परवान्याचं?” मी त्याला तलावाचा दाखला दिला, तेव्हा तो गप्प झाला. गेल्या विसर्जनाला मुलांनी पूर्वीसारख्याच शिट्ट्या वाजवल्या आणि मिरवणूक नीट पार पडली.

हौशी परवान्याच्या परीक्षा ज्या मोजक्या शहरांत होत आल्या आहेत, त्यांत आपले नागपूरही आहे. भंडारा रोडहून गाडीत बसले की तासा-दीड तासाचा रस्ता. मी अभ्यासाला लागले आहे. रोज रात्री जेवणे झाली, की ताटावर चमचा वाजवून कड-कट्ट करते आणि माय विचारते, “हे का लावलं आहे वो?” बाबा मात्र काही म्हणत नाहीत. परवा स्टेशनावर मालगाडी थांबली होती. गार्ड बोलत होता. बाबांनी माझ्याकडे पाहून विचारले, “मंग, कोणालेही बोलता येते का?”

मी म्हटले, “येते बाबा. पण आधी कोणाची पाळी आहे ते पाहावं लागते.”